काचेतली लिंबू फुलपाखरं: पंख खाली झुकतात, पोटावर बुरशी येते

संत्राबाग_मोर्शी:
रोपवाटिकेत संत्र्याच्या कोवळ्या पानांवरच्या अळ्या वेचून जाळीच्या डब्यात वाढवतो. निघालेली लिंबू फुलपाखरं शाळेच्या प्रदर्शनासाठी काचेत लावायची आहेत. पहिल्या फ्रेममध्ये पंख खाली झुकले, पोटावर पांढरी बुरशी आली आणि डांबरगोळीपाशी मागचा थर्माकोल खचला. फ्रेम फोटोचीच, फुलपाखरू गोंदानं चिकटवलेलं. नेमकं काय बदलू?

पाकोळी_चिखलदरा:
दादा, झुकणं आणि बुरशी या दोन्हींचं मूळ ओलावा. अंग आतून वाळायच्या आधीच फ्रेम बंद झाली.

कोशातून निघाल्यावर एक दिवस जाऊ द्या, पंख ताठ होतात. मग पंख मिटून कागदाच्या त्रिकोणी पुडीत २४ तास फ्रीझरमध्ये. बाहेर काढून अर्ध्या तासानं लगेच पसरवा. आधीच वाळून कडक झालेलं असेल तर घट्ट झाकणाच्या डब्यात ओली वाळू, तिच्यावर टीपकागद, बुरशीसाठी डेटॉलचे दोन-चार थेंब, आणि त्यावर प्लास्टिकच्या झाकणात फुलपाखरू. पाणी पंखाला लागू नये. एक-दोन दिवसांनी पंख मुळाशी चिमट्यानं सहज हलला की तयार. अडला तर ओढू नका, तिथंच तुटतो.

पसरवायला थर्माकोलच्या दोन पट्ट्या, मध्ये अंग मावेल एवढी ६-७ मिमी फट. छातीच्या मधोमध २ किंवा ३ नंबरची स्टीलची कीटक-पिन सरळ उभी. शिलाईच्या टाचण्या गंजतात. पुढचे पंख आधी वर घ्या: त्यांची खालची कड अंगाशी काटकोनात आली पाहिजे. मागचे पंख त्यानंतर. पंखांवर ट्रेसिंग पेपरच्या पट्ट्या ठेवून पिना पट्टीच्या कडेला, पंखातून एकही नाही. मिशाही याच वेळी दोन पिनांच्या आधारानं लावून घ्या, वाळल्यावर त्यांना हात लावला की गेल्या. वाळायला उन्हाळ्यात आठवडाभर पुरतो, पावसाळ्यात तीन आठवडे धरा. पोटाला सुई हळूच टेकवा, लवलं तर अजून ओलं आहे.

कोसा_आरमोरी:
थर्माकोल खचला तो डांबरगोळीनंच, भाऊ. तिच्या वाफेनं थर्माकोल मऊ पडते. फ्रेमच्या आत थर्माकोल नकोच. टीव्हीच्या खोक्यात येते तो पांढरा लवचिक फोम कापून लावा, वर जाड पांढरा कागद. फोटोफ्रेमची काच अंगाला दाबते, म्हणून ४-५ सेमी खोलीची पेटी सुताराकडून करून घ्या. सिलिका जेलची पुडी फोमच्या मागं ठेवा. सांधे कागदी टेपनं पक्के बंद करा, नाहीतर मुंग्या एका रात्रीत पोट पोखरतात.

अंगाखाली तपकिरी भुकटी दिसली की समजा आत वाळलेलं अंग खाणाऱ्या किडीची अळी आहे. डांबरगोळी किडीला दूर ठेवते, पण आत शिरलेली अळी तिनं मरेलच असं नाही. पेटी प्लास्टिकमध्ये बांधून उणे १८ अंशांवर दोन आठवडे. लोडशेडिंगमध्ये बर्फ वितळला तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

कोशाचा, म्हणजे टसर रेशमाचा पतंग लावणार असाल तर मादीचं पोट अंड्यांनी भरलेलं असते. खालून चीर देऊन रिकामं करा, कापूस भरा. नाहीतर तेल सुटून पंखांवर डाग पडते.

संत्राबाग_मोर्शी:
समजलं. मेळघाटच्या रस्त्यावर मेलेली पडलेली मोठी फुलपाखरं उचलली तर चालेल का?

पाकोळी_चिखलदरा:
नाही. अभयारण्यातून परवानगीशिवाय काहीच उचलता येत नाही. बाहेरही, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या अनुसूचीतली, म्हणजे संरक्षित यादीतली जात मेलेली सापडली तरी कलम ३९ प्रमाणे ती सरकारची मालमत्ता. विविधता हवी तर कढीपत्त्यावर कॉमन मॉर्मॉन आणि रुईवर बिबळ्या कडवा वाढवा. फक्त त्या झाडांवर फवारणी झालेली नसावी, नाहीतर अळ्या डब्यातच मरतील. बागेतून मोठ्या अळ्या आणण्यापेक्षा अंडी आणा. मोठ्या अळ्यांत परजीवी माश्या आधीच शिरलेल्या असतात, मग कोशातून फुलपाखराऐवजी माशीच निघते.