डिजिटल आरोग्यात प्रॉडक्ट मॅनेजर म्हणून जावे का?

प्रश्न : मी सहा वर्षे बँकिंग ॲपवर प्रॉडक्ट मॅनेजर आहे. आरोग्यविषयक स्टार्टअपमध्ये जायचे झाल्यास वैद्यकीय पदवीवाचून अडते का?

पहिले उत्तर : अडत नाही, परंतु २०२० ची टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वे वाचून मगच मुलाखतीला जावे, कारण कोणती औषधे व्हिडिओ सल्ल्यावर लिहून देता येतात आणि कोणती मुळीच नाहीत, हे तिथेच ठरलेले असल्याने ॲपमधील बरेच निर्णय (बँकेतल्याप्रमाणेच) आधीच झालेले असतात.

दुसरे उत्तर : सहमत. १४ अंकी आभा क्रमांक (रुग्णाचा डिजिटल आरोग्य ओळख क्रमांक) आणि रुग्णाच्या संमतीनेच नोंदी पाठवण्याची व्यवस्थाही समजून घ्यावी. मात्र खरी परीक्षा बाह्यरुग्ण विभागात होते: एका रुग्णासाठी जेमतेम तीन मिनिटे असलेल्या डॉक्टरांना दहा रकाने भरायला लावणारे आमचे पहिले उत्पादन कोणी वापरलेच नाही.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. मग रकाने किती ठेवलेत?

दुसरे उत्तर : दोन.