मदत हवी आहे : आईला एचटीएलव्ही-१ विषाणू निघालाय, नागपुरात कोणाला अनुभव आहे का?

नमस्कार. आम्ही मानेवाड्याला राहतो. आई दोन वर्षांपासून पाय ओढत चालते. उजव्या चपलेचं टोक घासून पार झिजलंय. एमआरआय झाला, बी-१२ ची इंजेक्शनं झाली. शेवटी रक्त आणि पाठीतलं पाणी तपासलं, त्यात एचटीएलव्ही-१ निघाला. याच विषाणूने मज्जारज्जूला इजा होऊन पायांची ताकद गेलीय.

हा एचआयव्ही नव्हे, हे नातेवाइकांना सांगून थकले. दोन्ही रेट्रोव्हायरस, म्हणजे पेशीच्या डीएनएत स्वतःची प्रत घुसवणारे विषाणू, आणि दोन्ही टी पेशींत (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींत) शिरतात. पण हा १९८० साली, एचआयव्हीच्या आधी सापडला. तो पेशी मारत नाही, त्यांच्या विभाजनासोबतच वाढत जातो. म्हणून विषाणूच्या नव्या प्रती बनणं अडवणाऱ्या एचआयव्हीच्या गोळ्यांचा इथे फारसा उपयोग होत नाही. झिडोव्हुडिन (एचआयव्हीचंच एक औषध) आणि इंटरफेरॉनची जोडी वापरतात, पण ती याच विषाणूने होणाऱ्या रक्ताच्या कर्करोगात. आईला सध्या स्टेरॉइड आणि बॅक्लोफेन (स्नायूंचा ताठरपणा कमी करणारी गोळी) चालू आहे.

प्रोव्हायरल लोड (रक्तातल्या पेशींत हा विषाणू किती आहे ते) इथे कुठे मोजतात, की नमुना मुंबईला पाठवावा लागतो? असे रुग्ण पाहिलेले न्यूरॉलॉजिस्ट माहीत आहेत का?

आणि हा आईच्या दुधातून बाळाला जाऊ शकतो. मी दीड वर्ष अंगावर प्यायले. पुढच्या महिन्यात माझं बाळंतपण आहे. त्याआधी माझी तपासणी कुठे होईल, एवढं तरी आज कोणी सांगा.