पॅट समिट: नॉक्सविलमधे सगळ्यांच्या तोंडी हेच नाव का? आणि लेकीला कोच व्हायचंय, सल्ला हवाय

मेघना_टेनेसी:
नमस्कार मंडळी, आम्ही नुकतेच नॉक्सविलला राहायला आलोय. लेक अकरावीत आहे, शाळेच्या बास्केटबॉल टीममधे पॉइंट गार्ड (बॉल हातात ठेवून टीमचा खेळ चालवणारी) खेळते. आता तिने मनात घेतलंय की पुढे कॉलेजच्या मुलींच्या टीमची कोच व्हायचं, आणि रोज उठून पॅट समिटचं नाव घेते. इथे शेजारच्या आजींपासून डेंटिस्टपर्यंत सगळे तिला नुसतं "पॅट" म्हणतात, घरातल्या माणसाबद्दल बोलावं तसं. मला एवढंच माहितीये की ती टेनेसी युनिव्हर्सिटीची कोच होती आणि खूप जिंकली. तिने नक्की काय केलं, आणि आजच्या काळात हे करिअर म्हणून कसं आहे? नवऱ्याला वाटतं यात पोट भरणार नाही. कोणाला माहिती असेल तर सविस्तर लिहा प्लीज.

जुना_नॉक्सविलकर:
मेघनाताई, लेकीची निवड एक नंबर आहे.

पॅटचं माहेरचं आडनाव हेड. १९५२ चा जन्म, टेनेसीतच क्लार्क्सविलजवळ शेतावर वाढली, गाईंच्या धारा, गवत, तंबाखूची कापणी सगळं केलेलं, आणि रात्री गोठ्याच्या माळ्यावर लावलेल्या हूपवर भावांबरोबर खेळायची. तिथल्या शाळेत मुलींची टीम नव्हती तर वडिलांनी सगळं बिऱ्हाड हेन्रिएटाला हलवलं, का तर तिथे टीम होती. माणूस कडक पण मुलीच्या खेळासाठी घर हलवणारा बाप त्या काळात, हे मला फार मोठं वाटतं.

१९७४ मधे ती नॉक्सविलला ग्रॅज्युएट असिस्टंट (मास्टर्स करता करता कोचच्या हाताखाली काम करणारी) म्हणून यायची होती, पण हेड कोचने सुट्टी घेतली आणि २२ व्या वर्षी टीम हिच्या गळ्यात पडली, काही खेळाडू तर जवळपास तिच्याच वयाच्या. पगार महिन्याला २५० डॉलर. व्हॅन हीच चालवायची, युनिफॉर्म हीच धुवायची, आणि ते युनिफॉर्मसुद्धा डोनट विकून जमवलेल्या पैशातून घेतलेले. एकदा तर मॅचच्या आदल्या रात्री समोरच्या टीमच्या जिममधे चटयांवर झोपले सगळे. त्यात स्वतःचं मास्टर्स चालू, शिकवायचे क्लासेस, आणि फाटलेला गुडघा बरा करून ऑलिम्पिकची तयारी. १९७६ ला मॉन्ट्रियलला खेळाडू म्हणून सिल्व्हर, १९८४ ला लॉस एंजेलिसला कोच म्हणून गोल्ड.

आणि लक्षात घ्या, एनसीएएने (अमेरिकेतल्या कॉलेजांच्या खेळांची मुख्य संघटना) मुलींची टूर्नामेंटच १९८२ ला सुरू केली. म्हणजे ही जेव्हा व्हॅन चालवत होती तेव्हा ज्या नोकरीबद्दल तुमची लेक बोलतेय ती नोकरी आजच्या रूपात अस्तित्वातच नव्हती. २००६ मधे तिचा वर्षाचा पगार १० लाख डॉलरच्या वर गेला, मुलींच्या बास्केटबॉलमधे तोवर कोणत्याच कोचला एवढे मिळाले नव्हते. २५० डॉलरपासून तिथपर्यंत, तेही एकाच युनिव्हर्सिटीत. पॅट म्हणजे काय ते मला तरी यातच दिसतं.

सावनी_एम:
वरच्या प्रतिसादात एक राहिलं. ३८ सीझन, १,०९८ विजय, ८ नॅशनल टायटल हे सगळे सांगतात, १९९७-९८ ची टीम तर ३९-० गेली, चमीक होल्ड्सक्लॉ आणि टमिका कॅचिंग्ज एकाच टीममधे. पण आईबाप म्हणून तुम्हाला सांगण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. जेवढ्या मुली तिच्याकडे शेवटच्या सीझनपर्यंत खेळल्या त्या सगळ्या डिग्री घेऊन बाहेर पडल्या, एकही सुटली नाही. वर्गात पहिल्या तीन रांगांत बसायचं, लेक्चर बुडवलं तर मॅच बुडाली, मग तू कितीही मोठी स्टार अस. माझी मुलगी दुसऱ्या एका कॉलेजात खेळायची, तिथे कोचला मार्कांशी काही देणंघेणं नव्हतं, म्हणून मला याची किंमत कळते.

आणि तिची जिद्द बघायची तर १९९० चा किस्सा. नऊ महिने भरत आलेले, तरी एका मुलीला आपल्या टीममधे आणायला छोट्या विमानाने पेन्सिल्व्हेनियाला गेली, तिथेच कळा सुरू झाल्या. परतताना पायलट म्हणाला व्हर्जिनियात उतरू, तर ही अजिबात तयार नाही, कारण त्याच वर्षी व्हर्जिनिया युनिव्हर्सिटीने टेनेसीला हरवून फायनल फोरला (शेवटच्या चार टीमची फेरी) पोचूच दिलं नव्हतं आणि ती फायनल फोर नॉक्सविललाच होती! मुलगा टेनेसीतच जन्मला. ती मुलगी, मिशेल मार्सिनियाक, आधी नोटर डेमला गेली पण मग टेनेसीला आली, आणि १९९६ च्या फायनल फोरमधे सर्वोत्तम खेळाडू ठरली.

पराग_हार्टफर्ड:
आदर आहेच, पण आकड्यांनी बघायचं तर युकॉनचे (कनेक्टिकट युनिव्हर्सिटी) कोच जीनो ऑरिएमा १२ टायटलवर आहेत आणि विजयांचा रेकॉर्डही आता त्यांच्याच नावावर आहे, मधे २०२० मधे स्टॅनफर्डच्या कोच टॅरा व्हॅनडर्व्हिअरनेही विजयांत पॅटला मागे टाकलं होतं. मुलीला फक्त एकच नाव देऊ नका, जीनोंच्या टीमचं पासिंग पॉइंट गार्डने बघायलाच हवं.

जुना_नॉक्सविलकर:
पराग, पासिंगचं शंभर टक्के मान्य. पण जीनो १९८५ ला युकॉनला आले तेव्हा टूर्नामेंट होती, स्कॉलरशिप होत्या, हरवायला समोर टेनेसी होती. टेनेसी विरुद्ध युकॉन बघायला लोक टीव्हीसमोर बसायला लागले त्यातूनच हा खेळ वाढला, दोघांचंही श्रेय आहे. तरी पहिला रस्ता खणणाऱ्याला मी वरचं स्थान देणार, आकडे काही म्हणोत.

रश्मी_आर:
मेघना, मी एका छोट्या कॉलेजच्या अ‍ॅथलेटिक्स डिपार्टमेंटमधे काम करते, त्यामुळे करिअरबद्दल बोलते. पॅटसारखी २२ व्या वर्षी हेड कोचची खुर्ची आता कोणी देत नाही. आधी ग्रॅज्युएट असिस्टंट किंवा व्हिडिओचं काम, मग असिस्टंट कोच, वर्षातले कितीतरी दिवस रिक्रूटिंगसाठी (नव्या खेळाडू शोधून टीममधे आणायला) गाडीत आणि विमानात. खालच्या पातळीवर पगार खरंच बेताचा असतो, मिस्टरांची काळजी अगदी चुकीची नाही.

पण टेनेसीचीच आत्ताची कोच बघा ना, किम कॉल्डवेल. वेस्ट व्हर्जिनियातल्या ग्लेनव्हिल स्टेट या छोट्या डिव्हिजन टू (एनसीएएची दुसऱ्या पातळीची स्पर्धा) कॉलेजात स्वतः खेळली, तिथेच कोच झाली, २०२२ ला टायटल जिंकलं, मग एकच वर्ष मार्शल युनिव्हर्सिटीला आणि २०२४ ला थेट टेनेसी. जानेवारी २०२५ मधे बाळ झालं आणि आठवड्याभरात परत साइडलाइनवर उभी. छोट्या ठिकाणाहून वर जाता येतं.

दुसरी बाजूही सांगते. पॅटनंतर आलेल्या हॉली वॉर्लिक आणि केली हार्पर दोघी तिच्याच हाताखाली खेळलेल्या, दोघींनाही युनिव्हर्सिटीने काढलं, २०१९ आणि २०२४ मधे. आणि १९७२ च्या टायटल नाइनच्या (शिक्षणात आणि शाळा-कॉलेजच्या खेळात मुलींशी भेदभावाला बंदी घालणारा कायदा) आधी कॉलेजच्या मुलींच्या टीमवर ९० टक्क्यांहून जास्त कोच बायका होत्या, पैसा आल्यावर पुरुषही आले आणि बायकांचं प्रमाण निम्म्याच्या आसपास घसरलं. मला याचा अजून राग येतो. म्हणून एखादी मुलगी कोच व्हायचं म्हणते तेव्हा तिला थांबवू नये असं मला मनापासून वाटतं.

मेघना_टेनेसी:
किती छान लिहिलंत सगळ्यांनी, नवऱ्याला वाचून दाखवलं. २५० डॉलरचं ऐकून तोही गप्प झाला. पॅट लवकर गेली ना? आजारी होती असं शेजारच्या आजी म्हणाल्या. आणि रश्मी, लेकीने आत्तापासून काय करावं?

सावनी_एम:
हो. ५९ व्या वर्षी अल्झायमर निघाला, ऑगस्ट २०११ मधे तिने स्वतः जाहीर केलं आणि तरीही पुढचा अख्खा सीझन बेंचवर बसली, रोजचं बरंच काम हॉलीने सांभाळलं. स्टेडियमभर "वुई बॅक पॅट" (आम्ही पॅटच्या पाठीशी) लिहिलेले टीशर्ट. ती टीम शेवटच्या आठात पोचली आणि बेलर युनिव्हर्सिटीकडून हरली, जी त्या वर्षी ४०-० गेली. जून २०१६ मधे पॅट गेली, ६४ वर्षांची. कॅम्पसमधे तिचा पुतळा आहे, आणि वूमन्स बास्केटबॉल हॉल ऑफ फेम तर तुमच्या नॉक्सविलमधेच आहे, लेकीला घेऊन जाच.

रश्मी_आर:
कॉलेजात टीममधे जागा मिळाली तर उत्तमच, नाही मिळाली तर स्टुडंट मॅनेजर व्हायचं, हे नक्की सांग तिला. बॉल गोळा करायचे, टॉवेल द्यायचे, पण कोचच्या मीटिंगमधे कोपऱ्यात बसायला मिळतं आणि पुढे शिफारस तिथूनच येते. आत्ता शाळेत असतानाच स्वतःच्या मॅचचं रेकॉर्डिंग घेऊन पिक अँड रोलचे (एकीने डिफेंडरची वाट अडवायची आणि मग बास्केटकडे धावायचं, ती चाल) सगळे क्लिप वेगळे काढायची सवय लावू दे, प्रत्येक क्लिपला दोन ओळी: डिफेन्सने काय केलं आणि आपण काय चुकलो. उन्हाळ्यात लहान मुलींच्या कॅम्पला शिकवायला जाऊ दे. दहा वर्षांच्या पोरींना लेअप (धावत जाऊन बास्केटजवळून बॉल टाकणं) शिकवताना तिचा धीर सुटतो का मजा येते, ते तुम्हालाही कळेल आणि तिलाही.