मदत हवी आहे: स्पर्धेत कानात गाणी चालतात का? (तातडीचं)

वैतागलेला_पक्या: रविवारी स्पर्धा आहे. नियमावली दोनदा वाचली, गाण्यांबद्दल अवाक्षर नाही. गाणी नसतील तर 2 किमीनंतर मी ढेपाळतो, असतील तर 5 आरामात. नक्की माहीत असेल त्यानेच सांगा.

भाट्येकर: कुठली स्पर्धा? रस्ता बंद ठेवणार की गाड्या चालू? मी भाट्याच्या पुलावरून पावसच्या बाजूला पळतो, मागून डंपर आला तर कळायला नको? ब्रिटनमध्ये रस्ता पूर्ण बंद नसेल तर कानात घालायचे हेडफोन चालत नाहीत, कान मोकळे ठेवून गालाच्या हाडातून आवाज देणारे तेवढे चालतात.

लंगडी_मास्तर: जागतिक अॅथलेटिक्सच्या नियमात रेडिओ, मोबाईल मैदानात नुसता जवळ ठेवला तरी ती 'मदत' धरतात. विषय संपला.

सुरूबन: कसला संपला? 1998 ला बर्मिंगहॅममध्ये धावपटू हैले गेब्रसेलासीने 2000 मीटरचा इनडोअर विश्वविक्रम केला, तेव्हा त्याच्याच पसंतीचं गाणं वाजत होतं.

लंगडी_मास्तर: स्पीकरवर! सोबतच्या सगळ्यांना ऐकू येत होतं. ह्याच्या एकट्याच्या कानात नव्हतं.

सुरूबन: शिमग्यात ढोल वाजतो म्हणून पालखी रात्रभर नाचवतात ना? ते पण डोपिंग का?

आंबोळी: पालखीत नंबर काढतात का हो? 😀 बाकी पक्या, बूट नवे घालू नकोस, फोड येतात.

वैतागलेला_पक्या: बूट कसले? पळायचंय असं कोण म्हणालं? पोहायचंय. मालवणला, चिवला बीच, 5 किमी.

भाट्येकर: हे आधी सांगायला काय झालं होतं???

वेंगुर्लेकरीण: पाण्यात ब्लूटूथ चालत नाही, माहितीये ना?

वैतागलेला_पक्या: गाणी यंत्रातच भरलीत. डोक्याला पट्टा.

धोंड_होडीवाला: रे मेल्या, माझो काको असता होडयेर. प्रवाहान कोण भायर गेलो तर शिट्टी मारता. तू गाणी आयकत रवलंस तर तुका काय वल्ह्यान ढोसूचो?

लंगडी_मास्तर: पोहण्याच्या नियमात वेग, तरंगणं किंवा दम वाढवणारं साधन चालत नाही. गाण्याने 2 चे 5 किमी होतात हे पक्याने स्वतःच वर लिहिलंय. पंचांना दुसरा पुरावा कशाला हवा?

सुरूबन: म्हणजे खरं बोलला हीच चूक.

आंबोळी: मालवणात शनिवारी राहायला स्वस्त कुठे मिळेल? घरगुती जेवणासकट.

वेंगुर्लेकरीण: वेगळा धागा काढा. पक्या, सरावाला तरी गाण्याशिवाय जातोस का कधी?

वैतागलेला_पक्या: नाही. विहिरीत पण पट्टा लावूनच उतरतो. आयोजकांना फोन केला, नाही म्हणाले. आज संध्याकाळी पट्ट्याशिवाय उतरून बघतो.

धोंड_होडीवाला: विहिरीत नको. दर्यात ये, काकाक सांगतंय.