मदत हवी आहे: किडनी ट्रान्सप्लांटनंतर इंजेक्शनमुळे रक्तपेशी फुटल्या, पुढे काय काळजी घ्यावी?

नमस्कार मंडळी. मी टिळकवाडीत राहते. दादा (३६) गावी असतो, खानापूर तालुक्यात. चौदा महिन्यांपूर्वी आईची किडनी त्याला बसवली. शरीराने किडनी नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि प्रेडनिसोलोन (स्टेरॉइड) चालू आहे. क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) १.२ वर स्थिर होतं.

गेल्या महिन्यात त्याला ताप-खोकला झाला. पाऊस मुसळधार होता, म्हणून बेळगावला न आणता जवळच्याच दवाखान्यात दाखवलं. तिथे सेफ्ट्रिॲक्सोन हे अँटिबायोटिक शिरेतून सुरू केलं. चौथ्या दिवशी इंजेक्शन झाल्यावर तासाभरात कंबर भरून आली, थंडी वाजली आणि लघवी कोऱ्या चहासारखी झाली. वहिनीने ती काचेच्या बाटलीत धरून ठेवली, म्हणून डॉक्टरांना रंग तरी दाखवता आला. डोळे पिवळे दिसल्यावर शेजारचे म्हणाले कावीळ आहे, झाडपाल्याचं औषध द्या. आईने ठाम नकार दिला, आणि बरंच केलं. अशा औषधांनी टॅक्रोलिमसची लेव्हल बिघडू शकते.

बेळगावात आणलं तेव्हा हिमोग्लोबिन १०.८ वरून ६.१ झालं होतं. एलडीएच १८४०, बिलिरुबिन वाढलेलं (बहुतेक इनडायरेक्ट), हॅप्टोग्लोबिन जवळजवळ शून्य, म्हणजे लाल पेशी फुटत असल्याच्या खुणा. डायरेक्ट कूम्ब्ज (लाल पेशींवर अँटिबॉडी चिकटल्यात का ते पाहणारी तपासणी) पॉझिटिव्ह. क्रिएटिनिन २.१. इंजेक्शन त्याच दिवशी बंद केलं, स्टेरॉइड वाढवलं, दोन पिशव्या रक्त दिलं. आता हिमोग्लोबिन ८.४, क्रिएटिनिन १.६.

मला पहिला संशय टॅक्रोलिमसचा आला होता, कारण त्यानेही रक्तपेशी तुटतात असं वाचलं होतं. वहिनी तर गोळी बंदच करायला निघाली होती. नेफ्रोलॉजिस्टनी (किडनीच्या डॉक्टरांनी) समजावलं, की तो प्रकार वेगळा. त्यात बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात, प्लेटलेट घटतात, स्मिअरमध्ये (काचपट्टीवरच्या रक्तात) पेशींचे तुकडे दिसतात आणि कूम्ब्ज सहसा निगेटिव्ह येते. दादाच्या प्लेटलेट १ लाख ९० हजार होत्या, तुकडे नव्हते. किडनीसोबत आलेल्या दात्याच्या पेशींमुळे रक्तपेशी फुटण्याचा प्रकार ट्रान्सप्लांटनंतर पहिल्या काही आठवड्यांतला. शिवाय आई आणि दादा दोघेही बी पॉझिटिव्ह, त्यामुळे तोही बाद. जुनी फाइल चाळली तर डायलिसिसच्या काळात हेच इंजेक्शन त्याला पाच दिवस मिळालेलं. तेव्हा काही झालं नाही. डॉक्टर म्हणाले, शरीरात अँटिबॉडी बहुधा तेव्हाच तयार झाल्या असाव्यात.

आता माझे प्रश्न. ज्यांच्या घरी असं झालंय त्यांनी कृपा करून लिहा.

औषधाविरुद्धची अँटिबॉडी नेमकी शोधणारी तपासणी कुणी करून घेतलीय का? नमुना कुठे पाठवला? इथल्या लॅबमध्ये फक्त कूम्ब्ज होते.

पुन्हा रक्त लागलं तर ल्युकोरिड्यूस्ड (पांढऱ्या पेशी काढून टाकलेली) पिशवी मागायची का? रक्तदात्याच्या पांढऱ्या पेशींमुळे नव्या एचएलए अँटिबॉडी (बसवलेल्या किडनीवर हल्ला करू शकणाऱ्या) तयार होण्याचा धोका असतो, आणि आईची किडनी जपायची आहे. बेळगाव किंवा कोल्हापूरच्या रक्तपेढीत ती किती आधी सांगावी लागते?

आणि सगळ्यात महत्त्वाचं. डॉक्टरांनी 'सेफ' (Cef, म्हणजे सेफॅलोस्पोरिन) गटातली सगळीच औषधं टाळायला सांगितली आहेत. पण हे इंजेक्शन कितीतरी ब्रँडच्या नावांनी मिळतं, कधी सलबॅक्टम या दुसऱ्या औषधासोबत. गावात रात्री ताप आला तर दादा शुद्धीवर असेल-नसेल, आईला इंग्रजी येत नाही आणि सरकारी दवाखान्यातल्या सिस्टर कन्नड बोलतात. म्हणून पाकिटात ठेवायला एक कार्ड करतेय. त्यावर औषधाचं मूळ नाव, काय झालं होतं, रक्तगट आणि नेफ्रोलॉजिस्टचा फोन, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत. मराठी-इंग्रजी झालं. माझं कन्नड बोलण्यापुरतं आहे, लिहिताना चुका होतात. निपाणी, चिक्कोडी, हुक्केरीकडचं कुणी चार ओळींचा कन्नड मजकूर तपासून देईल का? दादाला रविवारी घरी सोडणार आहेत, त्याआधी लॅमिनेट करायचंय.