वाचनालय आणि ग्रामसभेची नोटीस

'वाचनालयाचा ग्रामपंचायतीशी काय संबंध, तिथे फक्त स्पर्धा परीक्षेची पोरं बसतात' असं एकाने म्हटलंय. पोरं बसतात हे खरं, पण संबंध नाही हे काही पटलं नाही. माहिती अधिकार कायदा, २००५ चं कलम ४ बघा. सरकारी कार्यालयांनी स्वतःहून जी माहिती जाहीर करायची, त्यात लोकांसाठी ग्रंथालय किंवा वाचनकक्ष असेल तर त्याच्या वेळाही येतात.

आमच्या गावात ग्रामसभेची नोटीस पंचायतीच्या बंद काचेत, तीही अर्धी फाटलेली. ग्रंथपालबाईंनी तिची झेरॉक्स पेपरच्या स्टँडशेजारी टाचली, सोबत अंदाजपत्रकाची प्रत दोरीला बांधून ठेवली. (दोरी का, ते वाचनालयात पेन शोधलेल्यांना कळेल.) पुढच्या सभेत गटाराच्या खर्चावर पहिला प्रश्न रोज पेपर वाचायला येणाऱ्या आजोबांनी विचारला.