‘रसज्ञ’ म्हणावं का?

एका परिचयाचं मराठी करतोय. गृहस्थ पेशाने डॉक्टर, शिवाय भारतीय कला आणि सौंदर्यशास्त्राचे अभ्यासक. मी लिहिलं, ‘वैद्य आणि रसज्ञ’. आयुर्वेद शिकलेल्या मित्राने वाचून विचारलं, “पाऱ्याची औषधं बनवतात का?” शब्द बदलू?

*

मित्राचं काही चुकलं नाही. आयुर्वेदात रस म्हणजे पारासुद्धा. तिथल्या ‘रसशास्त्रा’त पारा, गंधक, धातूंची भस्मं भेटतात, शृंगार-करुण शोधायला जाल तर फसाल. शिवाय मधुर, आम्ल वगैरे सहा चवी म्हणजेही रस आणि शरीरातल्या सात धातूंपैकी पहिलाही रसच. नाट्यातले आठ (शांत धरला तर नऊ) आणखी निराळे.

पण खरी गंमत व्युत्पत्तीत आहे. सुश्रुत रसधातूबद्दल म्हणतो, ‘अहरहर्गच्छति’, रोजच्या रोज वाहत राहतो म्हणून तो रस. भरत म्हणतो, ‘आस्वाद्यत्वात्’, चाखता येतो म्हणून रस. शब्द एकच, वैद्याला त्यात गती दिसली आणि नाट्याचार्याला चव! तरी भरताने रसनिष्पत्तीला दाखला दिलाय तो नाना व्यंजनं, औषधी आणि द्रव्यं यांच्या संयोगाचाच. तेव्हा दोन्ही घरं इतकी काही लांब नाहीत. मला तर तुमचा श्लेष आवडला, राहू द्या.

*

श्लेष छान, पण अभ्यासकाला ‘रसज्ञ’ तोकडा पडतो. मैफलीत नेमक्या जागेला दाद देणाराही रसज्ञच की. ‘कलामीमांसक’ अचूक आहे, पण फार कोरडा. ‘कलामर्मज्ञ’ कसा वाटतो? सुश्रुताने शरीरात १०७ मर्मं सांगितली आहेत. मांस, शिरा, स्नायू, अस्थी, सांधे यांच्या संगमाच्या या नाजूक जागा. काहींवर घाव बसला तर माणूस तत्काळ दगावतो. तेच मर्म पुढे कवितेचं झालं, चित्राचं झालं. डॉक्टरला आणि कलेच्या अभ्यासकाला एकाच शब्दात बसवायचं तर याहून जवळचा मला सुचत नाही.

*

‘कलामर्मज्ञ’ घेतला, आभार. आणि ‘वैद्य’ काढून सरळ ‘डॉक्टर’ केलं. गृहस्थ ॲलोपॅथीचे आहेत. आज मराठीत वैद्य म्हटलं की काढे-चूर्णंच डोळ्यांपुढे येतात. मित्राचा पारा निम्मा तिथेच चढला होता.